बंद करा, पण कागद ठेवून जा

प्रति,
बोर्डाचे आराखडे करणाऱ्या, फर्मवेअर लिहिणाऱ्या आणि कुठल्या मॉडेलचा सपोर्ट कधी थांबवायचा हे ठरवणाऱ्या बैठकांना बसणाऱ्या सर्व मराठी अभियंत्यांस,



हे पत्र एखाद्या कंपनीच्या नावे लिहिता आलं असतं. तशी लिहून पाहिली आहेत. कंपनीला पत्र लिहिलं की उत्तर कंपनीच देते: अभिप्रायाबद्दल आभार, आपला मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवला आहे. त्या संबंधित विभागात कोण बसतं हे मला आता ठाऊक झालंय. तुम्ही बसता. मी ब्राउनश्वाइगमध्ये राहतो. वोल्फ्सबुर्ग हाकेच्या अंतरावर असल्यामुळे इथे मराठी अभियंत्यांना तोटा नाही. गणपतीत आरती झाली की प्रसादाचा द्रोण हातात धरून शेजारचा सांगतो, "एम्बेडेडमध्ये आहे." त्याच्या शेजारची तरुणीही एम्बेडेडमध्येच असते. कुणाचा भाऊ बंगळुरूत चिप तपासतो, कुणाची वहिनी हिंजवडीत ड्रायव्हर लिहिते. तेव्हा म्हटलं, मधले टप्पे गाळून थेट घरच्या भाषेत लिहावं.

माझं पोट वेगळ्या कामावर चालतं. संध्याकाळी मात्र मी १९८० च्या दशकातले घरगुती संगणक उघडून बसतो. बंद असतील तर चालू करतो, चालू असतील तर त्यांना नवी कामं लावतो. शिवाय अधूनमधून शनिवारी इथल्या रिपेअर कॅफेत बसतो. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये निघाली आणि जर्मनीत गावोगावी रुजली. एखाद्या चर्चचा किंवा मंडळाचा हॉल असतो, कुणीतरी घरी केलेला केक आणलेला असतो, लोक बंद पडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि आमच्यासारखे हौशी लोक त्यांच्याच शेजारी बसून, त्यांच्याच हातात स्क्रू-ड्रायव्हर देऊन त्या दुरुस्त करायचा प्रयत्न करतात. म्हणजे घरच्या टेबलावर माझ्यासमोर १९८३ सालचं यंत्र असतं आणि शनिवारच्या टेबलावर २०१७ सालचं. जुनं मला दुरुस्त करता येतं. नवं बहुतेक वेळा येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण तिच्या फांद्या पुष्कळ आहेत.

तुम्ही म्हणाल, जुनी यंत्रं साधी होती. होती. पण तेवढ्याने भागत नाही, आणि हे दाखवायला मला तुम्हाला एका कॉमोडोर ६४ च्या पोटात न्यावं लागेल.

१९८२ मध्ये आलेल्या या संगणकाला जर्मनीने जेवढं डोक्यावर घेतलं तेवढं फार थोड्या देशांनी घेतलं असेल. कंपनीचा कारखाना याच ब्राउनश्वाइगमध्ये होता. यंत्र उलटं केलं की तळाला 'मेड इन वेस्ट जर्मनी' असं लेबल मिळतं. बायर्न म्युनिकच्या फुटबॉलपटूंच्या छातीवर कॉमोडोरचं नाव होतं, आणि पुढे तर आल्डीसारख्या किराणा दुकानांत दूध-पावाबरोबर संगणकही मिळायला लागला. त्यामुळे आजही फ्लोमार्क्टात, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, काचेच्या बरण्या आणि स्कीच्या बुटांमध्ये हे तपकिरी यंत्र पडलेलं दिसतं. विकणारा सांगतो, "चालतं की नाही माहीत नाही." याचा अर्थ चालत नाही.

पहिला संशय पॉवर सप्लायवर. पाचरीच्या आकाराच्या त्या ठोकळ्याला इथली मंडळी हत्तीचा पाय म्हणतात. आत सगळं इपॉक्सीने बुजवलेलं, उघडायची सोयच नाही. (होय, तेव्हाही असे अपराधी होतेच.) वय झालं की त्यातला रेग्युलेटर दगा देतो, ५ व्होल्टच्या जागी जास्त दाब बोर्डात सोडतो आणि मेमरीच्या चिपा घेऊन जातो. म्हणून तो ठोकळा कुणी दुरुस्त करत नाही. फेकतात आणि नवा बांधतात. अख्ख्या यंत्रात बुजवलेला भाग हा एकच, आणि नेमका तोच आज निरुपयोगी ठरलाय, हे जाता जाता नोंदवून ठेवा.

पुढचा नेहमीचा रुग्ण म्हणजे पीएलए. कोणत्या क्षणी मेमरीने बोलायचं, कोणत्या क्षणी रॉमने, हे ठरवणारी ही चिप. ती मेली की पडदा काळा. तिच्यात सोळा तारा आत जातात आणि आठ बाहेर येतात. म्हणजे ६५,५३६ शक्यता. त्या सगळ्या मोजून लिहून काढल्या की चिपचं गुपित संपलं. हौशी लोकांनी ते केलं आणि आज तिच्या जागी बसणाऱ्या नव्या चिपा मिळतात. मेमरीचं तर आणखी सोपं. तपासणीचं कार्ट्रिज लावलं की पडदा लुकलुकतो, आणि किती वेळा लुकलुकला त्यावरून आठांतली कोणती चिप गेली ते कळतं. यंत्र स्वतःच्या दुखण्याची जागा स्वतः सांगतं. यात जादू काही नाही, कारण कोणती तार कुठून कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीनेच विकलेल्या 'प्रोग्रॅमर्स रेफरन्स गाइड' या पुस्तकाच्या शेवटी अख्ख्या यंत्राची सर्किटची आकृती घडी घालून जोडलेली होती. शाळकरी पोरगाही ती विकत घेऊ शकत होता. कंपनीने जे सांगितलं नाही ते ड्युसेलडॉर्फच्या डाटा बेकर या प्रकाशनाने सांगितलं: १९८३ च्या '६४ इंटर्न' या त्यांच्या पुस्तकात रॉममधल्या कोडची टिपांसह यादीच छापलेली होती. आणि ती छापता आली, कारण रॉमला कुलूप नव्हतं.

आता पुढचा इतिहास पाहा. एप्रिल १९९४ मध्ये कॉमोडोर दिवाळखोरीत गेली. पुढच्या वर्षी हेपेनहाइमच्या एस्कॉम या जर्मन कंपनीने तिचं नाव आणि हक्क विकत घेतले, आणि १९९६ मध्ये एस्कॉमही बुडाली. तेव्हापासून या यंत्राला मायबाप नाही, हेल्पलाइन नाही, अधिकृत सेवा केंद्र नाही. तरी ते दुरुस्त होतं. आकृती दिवाळखोरीत गेली नाही.

दुरुस्तीनंतरचा उद्योग हा खरा आनंदाचा भाग, आणि त्यातला एक तुमच्यासारख्यांना आवडेल म्हणून थोडा रेंगाळतो. जर्मनीची अधिकृत वेळ ठरवणारी मापनशास्त्राची राष्ट्रीय संस्था, पीटीबी, याच शहरात आहे. तिच्या अणुघड्याळांची वेळ फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथून ७७.५ किलोहर्ट्झवर रेडिओने सोडली जाते. नाव डीसीएफ ७७. दर सेकंदाला लहरीचा जोर क्षणभर कमी होतो: एक दशांश सेकंद कमी राहिला तर शून्य, दोन दशांश राहिला तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला तो कमीच होत नाही. ती खूण, की आता नवं मिनिट. या शून्य-एकांत मिनिटं, तास, तारीख, वार सगळं बांधलेलं असतं. मी त्याचा स्वस्तातला रिसीव्हर सी-६४ च्या मागच्या पोर्टला जोडला आणि असेंब्लीत छोटा प्रोग्रॅम लिहिला. गंमत अशी की रेडिओवरून वेळ येते ती दशमान अंक सुटे सुटे ठेवणाऱ्या पद्धतीत, आणि सी-६४ च्या चिपमधलं घड्याळही अंक तसेच ठेवतं. मिनिटं जशीच्या तशी उचलून ठेवली. तासांना मात्र चोविसाच्या घड्याळातून बाराच्या घड्याळात आणावं लागलं. ट्यूबवाला मॉनिटर शेजारी असला की रिसीव्हर बहिरा होतो, म्हणून तो लांब वायर लावून खिडकीत टांगलाय. यंत्राचं मूळ घड्याळ घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झवर चालतं. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या वादापायी युरोपच्या ग्रिडची वारंवारिता घसरली, तेव्हा असली विजेच्या ठेक्यावर चालणारी घड्याळं पाचसहा मिनिटं मागे पडली होती. माझं आता पडणार नाही.

ही फुशारकी कशासाठी? तर हा संकेत १९७३ पासून हवेत आहे, आणि त्याचा आराखडा संस्थेने सर्वांसाठी छापून ठेवलाय. नोंदणी नाही, ॲप नाही, अटी मान्य करायच्या नाहीत. म्हणून सत्तरच्या दशकातलं घड्याळ, १९८२ चा संगणक आणि काल विकत घेतलेला गजराचा डबा या तिघांनाही तो कळतो. सरकारी खात्याला जे पन्नास वर्षं जमलं ते तुमच्या कंपनीला दहा वर्षं का जमू नये?

एका बाबतीत भिंतीपलीकडच्या जर्मनीची आठवण काढावीशी वाटते. पूर्व जर्मनीत मालाचा दुष्काळ होता. केसी ८५ मालिकेचे बरेचसे संगणक म्युलहाउझेनच्या सरकारी कारखान्यात बनत, आणि त्यांच्यातला यू ८८० हा प्रोसेसर म्हणजे अमेरिकन झेड-८० ची विनापरवाना नक्कल. सामान्य माणसाला ते यंत्र दुकानात मिळणंच मुश्किल. बहुतेक जाऊन पडत शाळांत, क्लबांत आणि कार्यालयांत. पण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या सरकारी रेडिओवरून प्रोग्रॅम प्रसारित होत. चर्रर्र असा आवाज यायचा, तो कॅसेटवर टेप करायचा आणि संगणकाला ऐकवायचा. ज्या राज्यात शेजाऱ्याच्या टाइपरायटरवरही नजर असे, त्या राज्याने प्रोग्रॅम मात्र हवेत उधळले. मूळ झेड-८० बद्दल सांगायचं तर १९७६ पासून बनणारी ती चिप बंद करायचं झायलॉगने २०२४ मध्ये ठरवलं. आधी जाहीर केलं, शेवटच्या ऑर्डरी देण्यासाठी जूनपर्यंत मुदत दिली, मग थांबले. माहितीपत्रकं जगभर आधीच पसरलेली होती. बंद करणं असंही करता येतं.

कागद नसले की काय होतं तेही याच देशात घडून गेलंय. कोनराड त्सूझे या तरुण अभियंत्याने विमान कारखान्यातली नोकरी सोडून बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात आईवडिलांच्या दिवाणखान्यात झेड-१ हे यांत्रिक गणनयंत्र उभारलं. १९३६ ला सुरुवात, १९३८ ला तयार. मित्रांनी पत्र्याच्या पट्ट्या करवतीने कापून दिल्या. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या वापरलेल्या ३५ मिलिमीटरच्या सिनेफिल्मवर. आमच्या छंदाचा आद्यपुरुष म्हणावा तर हाच. युद्धात बॉम्ब पडले, यंत्र गेलं, नकाशेही गेले. १९८० च्या दशकात ते पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा पंचाहत्तरी उलटलेल्या त्सूझेंना स्वतः बसून आपलीच रचना नव्याने जुळवावी लागली. १९८९ मध्ये ते पूर्ण झालं. बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात उभं आहे. नकाशे जळाले, पण माणूस हयात होता म्हणून निभावलं. तुमच्या बोर्डाच्या बाबतीत तो माणूस दर तीन वर्षांनी नोकरी बदलतो.

आता शनिवारच्या टेबलाकडे या.

एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉप घेऊन येतात. पडदा उत्तम, कीबोर्ड उत्तम, फक्त मंद. मेमरी वाढवली तर अजून पाच-सहा वर्षं सहज चालेल. उघडतो तर मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली, आणि ज्यात त्यांचे सगळे फोटो आहेत ती साठवणही सोल्डर केलेली. उद्या चार्जिंगच्या भागातली एक किरकोळ चिप गेली तर फोटो जाणार, कारण साठवण काढून दुसऱ्या यंत्राला लावायची वाटच ठेवलेली नाही. हे करताना तुम्ही किती दशांश मिलिमीटर वाचवलेत हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

दुसऱ्या एका यंत्रात बॅटरी बदलली तर ते नवी बॅटरी ओळखायलाच तयार नाही. बॅटरीतल्या चिपने आपलं कूळ-गोत्र सांगितलं पाहिजे. एक आजोबा फोटोफ्रेम आणतात, नातवंडांनी पाठवलेले फोटो दाखवणारी. चालू होते, आणि ज्या सर्व्हरवर लॉगिन मागते तो सर्व्हर कंपनीने बंद केलाय. आत एक धडधाकट संगणक आहे, कॉमोडोरच्या कैक पटींनी वेगवान, आणि तो लॉगिनच्या चौकटीपुढे जात नाही. आम्ही आजोबांना केक दिला. स्कॅनर येतात ज्यांचे ड्रायव्हर उत्पादकाने आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकलेत. काही शे किलोबाइटची फाइल ठेवायला काय खर्च येत होता?

आणि विंडोज १० चं प्रकरण तुम्हाला ठाऊकच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित सपोर्ट संपला, आणि पुढच्या आवृत्तीसाठी जी सुरक्षा चिप आणि जे प्रोसेसर लागतात ते नसलेली पुष्कळ चांगली यंत्रं एका तारखेने म्हातारी झाली. इथे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहाच्या लोकांनी 'एंड ऑफ टेन' नावाची मोहीम काढली, रिपेअर कॅफे तिच्यात उतरले, आणि आम्ही लोकांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देऊ लागलो. ज्यांचं फर्मवेअर मोकळं आहे त्यांचं काम तासाभरात होतं. ज्यांच्या फर्मवेअरला कंपनीचं कुलूप आहे त्यांना हात जोडून परत पाठवावं लागतं.

परत म्हणजे कुठे, तेही सांगतो, कारण पुण्यात बसून त्याची कल्पना येत नाही. आपल्याकडे बाद यंत्र भंगारवाल्याकडे जातं. तो ते फोडतो, त्यातला पंखा, स्क्रीन, चार्जर निवडतो, आणि हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुन्हा कुणाच्या तरी कामाला येतं. हे मी गोंडस करून सांगत नाही. उघड्यावर वायरी जाळणारी पोरंही मी पाहिली आहेत. जर्मनीत यंत्र नगरपालिकेच्या संकलन केंद्रावर जातं, आणि एकदा का ते जाळीच्या पेटीत पडलं की विद्युत उपकरणांच्या कायद्याने ते किंवा त्याचा सुटा भाग कुणालाही बाहेर काढता येत नाही. मी काढला तर ती चोरी. पेटीत डोकावलं की वरच एखादा जुना अटारी संगणक दिसतो, आणि हिरव्या-नारिंगी जॅकेटमधला माणूस अदबीने सांगतो, "हात लावू नका." बर्लिनसारख्या काही शहरांनी वापरण्याजोग्या वस्तू आधीच वेगळ्या काढून विकायची दुकानं चालवली आहेत, ते चांगलंच आहे. पण बहुतेक यंत्रांसाठी पेटी म्हणजे शेवट. तुमच्या कुलपाची किंमत इथे चुकती होते.

तुम्ही म्हणाल, कायदे येतायत. येतायत, आणि मी ते आनंदाने वाचतो. थुरिंगिया राज्याने २०२१ मध्ये दुरुस्तीचं अर्धं बिल, वर्षाला १०० युरोपर्यंत, सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. दुरुस्तीच्या हक्काचा युरोपीय निर्देश २०२४ मध्ये मंजूर झाला. सदस्य देशांनी तो ३१ जुलै २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात उतरवायचा होता. त्यात वॉशिंग मशीन आहे, फ्रीज आहे, मोबाइल आणि टॅब्लेट आहे. मंजूर झाला त्या वेळच्या यादीत लॅपटॉप मात्र नव्हता! १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा वेगळा नियम आहे, म्हणजे गोंद तरी तुम्हाला आवरावा लागेल. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. पण कायदा सुट्या भागांबद्दल आणि किमतींबद्दल बोलतो. मला हवं असलेलं ज्ञान तुमच्या कंपनीच्या सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये आहे.

त्या फोल्डरबद्दलच बोलू. लॅमिंग्टन रोडवरचा एखादा कारागीर आज लॅपटॉपचा बोर्ड दुरुस्त करतो तो कशाच्या आधारावर? कुठून तरी फुटलेल्या, हातोहात विकल्या जाणाऱ्या सर्किटच्या फाइलींच्या आधारावर. मीही त्याच पाहतो. ज्या यंत्राचे पूर्ण पैसे मोजले ते दुरुस्त करण्यासाठी सभ्य माणसाला चोरीचा कागद वापरावा लागावा, ही लाज त्या कारागिराची नाही. आणि आकृती स्पर्धकाच्या हाती पडेल असं म्हणाल, तर त्याच्याकडे ती फाइल त्या शिक्षिकाबाईंच्या आधी पोचलेली असते.

सुरक्षेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. फर्मवेअरला सही हवी, चोराच्या हाती लॅपटॉप लागला तर तो उघडू नये, हे मान्य. लिथियमच्या बॅटरीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसणारे लोक असतात हेही मान्य; एकाला मी शेवटच्या क्षणी अडवलंय. पण सुरक्षेची किल्ली मालकाकडे असणं आणि मालकाकडे किल्लीच नसणं यात फरक आहे. घराचं दार मजबूत हवं म्हणून किल्ली बिल्डरकडेच राहू द्या असं कुणी म्हणत नाही. उघड्यावर सगळं ठेवूनही यंत्र बनतं याचा दाखला बर्लिनमध्येच आहे: एमएनटी या छोट्या कंपनीचा रिफॉर्म हा लॅपटॉप. आकृत्या, बोर्डाच्या मूळ फाइली सगळं प्रसिद्ध. बॅटरी म्हणजे सुटे गोल सेल, एकेक करून बदलता येणारे. तो जाड आहे, महाग आहे, आणि माझ्या शिक्षिकाबाईंना मी तो सुचवणार नाही. पण "असं करताच येत नाही" हे वाक्य तुमच्या बैठकीतून त्याने काढून टाकलंय.

आता मागण्या. मोठी मागणी एकच आहे: ज्या दिवशी तुम्ही एखाद्या मॉडेलचा सपोर्ट संपवाल, त्या दिवशी त्याचे कागद बाहेर काढा. सर्किटची आकृती, बोर्डावर कोणता भाग कुठे त्याचा नकाशा, फर्मवेअरचं कुलूप उघडण्याची सोय, आणि यंत्र सर्व्हरशी बोलत असेल तर ते काय बोलतं त्याचं वर्णन, म्हणजे कुणी हौशी माणूस आजोबांसाठी तो सर्व्हर आपल्या घरी उभा करील. ड्रायव्हर एखाद्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला देऊन टाका. पाडरबॉर्नला नवी-जुनी गणनयंत्रं सांभाळणारं मोठं संग्रहालय आहे, ओल्डनबुर्गला जुने संगणक लोकांना प्रत्यक्ष चालवू देणारं छोटं आहे. ठेवणारे हात आहेत. विकत असतानाच द्या असं मी म्हणत नाही. तुम्हाला नफा मिळायचा थांबल्यावर तरी द्या.

यातली अडचण मला कळते. बोर्डावरच्या निम्म्या चिपांची माहितीपत्रकं तुमच्याकडेच गोपनीयतेच्या करारावर आलेली असतात, आणि दहा वर्षांनी परवानगी मागायला गेलं तर समोरची कंपनीच उरलेली नसते. म्हणूनच हे काम शेवटी होत नाही, सुरुवातीला करावं लागतं. चिप निवडतानाच विचारा, की सपोर्ट संपल्यावर आकृती प्रसिद्ध करू द्याल का? डिझाइन गोठवलं जातं त्याच दिवशी ते फोल्डर भरून, वकिलांना दाखवून, बाजूला ठेवा. मग शेवटच्या दिवशी कुणालाही धावपळ नको.

ही गोष्ट वरिष्ठांशिवाय होत नाही हे तुम्ही लगेच म्हणाल. म्हणून एक छोटी मागणी, जिला कुणाचीच सही लागत नाही. बोर्ड आखताना तपासणीच्या बिंदूंशेजारी तिथे किती व्होल्ट हवेत ते छापा. चाचणीसाठी तुम्ही जो सीरिअल पोर्ट ठेवता आणि उत्पादनात नुसते तांब्याचे चार ठिपके उरतात, त्यांच्याजवळ अक्षरं लिहा. फ्यूजला फ्यूज म्हणा. पांढऱ्या शाईला पैसे पडत नाहीत. अमिगा ५०० च्या बोर्डावर तर अभियंत्यांनी आपल्या आवडत्या बँडचं नाव आणि त्यांच्या गाण्याचं नाव छापून ठेवलंय, जागा होतीच ना? बॅटरी स्क्रूने बसवायची की गोंदाने, यावर तुमचं मत विचारलं जातं तेव्हा गप्प बसू नका, एवढीही विनंती जोडतो. आणि मुलाखतीला येणाऱ्या मुलामुलींना एखादं मेलेलं यंत्र द्या आणि मल्टिमीटर द्या. प्रोग्रॅमिंगच्या कोड्यांपेक्षा त्यात जास्त कळेल. पण हे माझं खाजगी वेड समजून सोडून दिलंत तरी चालेल.

ब्राउनश्वाइगला कधी कामानिमित्त आलात तर शनिवारी टेबलावर या. उत्तर पाठवायचं असेल तर कंपनीच्या कागदावर नको, स्वतःच्या नावाने पाठवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
ब्राउनश्वाइगचा एक हौशी दुरुस्तीवाला

ता. क. माझ्याकडे सध्या एक लॅपटॉप उघडा पडलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही. बॅटरीच्या कनेक्टरशेजारी कुणीतरी पांढऱ्या शाईत नखाएवढा मासा काढून ठेवलाय. तो मासा तुमचा असेल तर कृपया कळवा: त्याच्या शेपटीजवळची आठ पायांची चिप जळून तिच्यावरचा नंबर गेलाय. ती कोणती होती, आणि तिच्या तिसऱ्या पायावर किती व्होल्ट यायला हवेत?